भूपालच्या गिटारीला तार कुठली?

वाद्यांच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. तारेचे तुकडे आणि किस्से! तुकडे संध्याकाळी झाडून काढता येतात. किस्से मात्र धोतराला चिकटून घरापर्यंत येतात.

बेळगावच्या शहापुरात आप्पा मिस्त्रींच्या दुकानात मी तंबोरे, सतारी दुरुस्त करायचो. माणूस मी पहिल्यापासून संथ. एक तार बसवायला अर्धा दिवस लावायचो. आप्पा म्हणायचे, "शिवा, तू तार लावंस्तवर गाणारा म्हातारा हुतोय रं!"

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत निपाणीचा भूपाल गिटार घेऊन आमच्याकडं आला. तंबाखूच्या वखारीवाल्या जैन घरातला पोरगा. बेळगावात कॉलेजला असताना कॅम्पातल्या एका गोवेकर मास्तराकडं गिटार शिकला. मास्तर गावी परतताना ती ह्यालाच देऊन गेले. आता कॉलेज संपलं होतं आणि जन्मभर वखारीत बसायचं होतं. गिटारीच्या तारा तुटलेल्या, आणि लढाईमुळं विलायती तारा येणं बंद. त्यात त्याच्या आईची अट. आईला सगळे आक्का म्हणत. आक्का म्हणाली होती, "जीव मारून केलेली वस्तू उंबऱ्याच्या आत येणार न्हाय."

"तार जमली न्हाय तर ही तुमच्याकडंच ठिऊन जातो," भूपाल म्हणाला. म्हणाला खरं, पण गिटार काही हातातनं सोडेना.

आप्पांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "हिचा भोपळा कुठं पडला?"

०

पोलादाला जीव नसतो, म्हणून आप्पांनी तंबोऱ्याच्या पोलादी तारा चढवल्या. मी म्हटलं, "आप्पा, जरा दमानं. ही नाजूक दिसतीया."

"तुझ्या दमानं लढाई संपंल!" म्हणत त्यांनी खुंटी आणखी पिळली.

फाट्! तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पोटावरनं उखडली आणि आप्पांचा रुमाल डोक्यावरनं उडवून थेट सरसाच्या भांड्यात पडली.

भूपाल पांढराफटक. आप्पांनी डोकं चाचपलं, आहे म्हणून खात्री केली आणि म्हणाले, "आवाज मात्र खणखणीत आला!"

घोडी परत चिकटवायला मी आठ दिवस घेतले. ह्या वेळी आप्पा स्वतः सरस ढवळून देत होते.

०

मग मला पिंजाऱ्याची आठवण झाली. कापूस पिंजायच्या धनुकलीला तो आतड्याची तात लावतो. गल्लीतल्या पिंजाऱ्यानं बारीक-जाड अशा सहा ताती निवडून दिल्या. मी त्या चढवल्या आणि भूपालनं छेडल्या. काय सांगू! दुकानातले तंबोरेसुद्धा मान वळवून बघतील असा गोड आवाज.

पिंजारी बराच वेळ वाकून बघत होता. शेवटी म्हणाला, "आवाज झ्याक हाय. पर ह्यानं गादीभर कापूस निघायचा न्हाय."

पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं भूपाल नाचत निपाणीला गेला. दारातच आक्कानं विचारलं, "तार कशाची रं?"

पोरगा खोटं बोलणारा नव्हता. "मेंढीच्या आतड्याची."

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं गिटार आमच्या दुकानात!

०

पुढची तार रेशमाची. वडगावच्या एका विणकरानं रेशमाला झकास पीळ घालून दिला. ह्या वेळी आक्का स्वतः दुकानात आली, तेव्हा विणकर तिथंच बसला होता. म्हणाली, "हे रेशीम निघतंय कसं?"

आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की विणकराला कोण आनंद! तो ऐसपैस मांडी घालून सांगायला लागला. किडा कसा पाला खातो, कोश कसा विणतो... आप्पा खोकले. मी त्याचा पाय दाबला. पण गडी रंगात आलेला.

"आनि मग आक्का, त्यो कोश किड्यासकट उकळत्या पान्यात टाकायचा!"

आक्का सावकाश उठली. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस बाबा. तार तर गेलीच, आता माझा लग्नातला शालूबी गेला!"

०

"जीव न मारता मिळंल असं काय हाय?" आप्पा विचारात पडले. तेवढ्यात दारात टांगा उभा राहिला. घोड्याचं शेपूट!

टांगेवाला राजी झाला. मी एकेक केस निवडून काढायला लागलो. दर केसाला घोडा मान वळवून माझ्याकडं बघायचा, मी दर वेळी त्याला हात जोडायचो. पीळ दिला, तारा चढवल्या. आवाज असा, की बरणीत माशी अडकलीय! भूपालनं तोंड वाकडं केलं, आणि बाहेर घोडा खिंकाळला.

आप्पा म्हणाले, "बघ, त्याला वळखू आलं!"

तरी आक्काला निरोप धाडला. तिचा उलटा निरोप आला, "घोड्याला इचारलंतं काय?"

०

शेवटी आप्पा इरेला पेटले. मला म्हणाले, "तातच चढव. मी बोलतो आक्काशी." आम्ही दोघं गिटार घेऊन निपाणीला गेलो. घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, मावळला की कुणी घास घ्यायचा नाही. आत ताटं मांडत होते. आक्का दारात उभी, मागं भूपाल.

आप्पांनी मोटारीत पाठ केलेलं वाक्य टाकलं, "आक्का, तुमच्या बस्तीच्या देवळातला नगारा चामड्याचा हाय."

"व्हय. म्हणून तर त्यो भाईर टांगलाय," आक्का म्हणाली आणि आत गेली.

आप्पांचं पाठांतर तिथंच संपलं!

भूपाल गिटार घेऊन उंबऱ्याबाहेरच्या कट्ट्यावर बसला आणि शेवटचं म्हणून वाजवायला लागला. मास्तरांनी शिकवलेलं एक संथ गाणं. आत ताटांची खणखण थांबली. थोड्या वेळानं आक्का सूप घेऊन बाहेर आली, कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तांदूळ निवडायला लागली. मग निवडायचंही थांबली.

वखारीमागं सूर्य टेकला. दारातनं भूपालच्या वडिलांनी हाक मारली, "अगं, ताटं थांबल्याती." ती हलली नाही. तिला सोडून जेवणार कोण? घरातली सगळी माणसं एकेक करून दारात येऊन उभी राहिली, उपाशी.

आप्पा हळूच म्हणाले, "आक्का, दिवस मावळला की वो!"

आक्कानं वर बघितलंच नाही.

"मावळू दे. मिस्त्री, ती जाडी तार जरा उतरलीया. बघा की!"