धरलं म्हणालो तेव्हा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सावंतांना नाही — आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच.

तुम्हाला सांगतोय, पण आधी एक ऐका. मला चांगला माणूस समजू नका. कारखान्यातली माणसं समजतात. "टोळीत काम कसं करायचं ते याच्याकडून शिका," म्हणतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं.

सातवीत शाळा सुटली आणि मी लातूरकडून ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात आलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सावंत फिटरनी मला त्यांच्या टोळीत घेतलं. राहायला जागा नव्हती, तर टोळीतल्याच हसुरामने जवळच्याच करावे गावातल्या त्याच्या घरी, ओटीवर पथारी दिली. त्याची आई मला वाढायची, माशातले काटे कसे काढायचे ते दाखवायची. मी हात जोडायचो. सगळ्यांनाच जोडायचो. "जमेल ना?" — जमेल. "समजलं ना?" — समजलं. नाही म्हटलं तर गावाला परत, एवढंच डोक्यात.

टोळीचा एक रिवाज होता. जड मशीन बसवताना सावंत ओरडायचे, "धरलं?" प्रत्येकाने आपापलं "धरलं" म्हणायचं. सगळ्यांचं आलं, की मगच ते खालचे लाकडी ठोकळे ओढायचे. पकड आली नसेल तर "थांबा" म्हणायचं. म्हणणाऱ्याला हसायचे थोडं. "काय रे, भाकरी कमी पडली?" बस. एवढ्याला भ्यायलो मी?

त्या दिवशी पंपाची मोटर चौथऱ्यावर बसवत होतो. एका बाजूला मी आणि हसुराम. माझे हात ऑइलने बरबटलेले. बोटं कडेखाली गेलीच नव्हती. "धरलं?" — आणि सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो, "धरलं!"

ठोकळे निघाले. मोटरचा माझ्याकडचा कोपरा हातातून निसटला. मोटर माझ्या पायांवर कलंडायला लागली. हसुरामने सोडून मागं व्हायला हवं होतं. झाला नाही. एकट्याने ओढून धरली, आणि ती त्याच्या उजव्या हातावर बसली.

"कुणी सोडली?" सावंत पांढरे पडले होते.

"हसुरामचा हात सटकला." हो, मीच म्हणालो. बाकी कुणी तोंड उघडायच्या आत.

"मी धरलेली व्हती," तो कण्हत म्हणाला. "मी नाय सोरली."

"गप रे!" सावंत त्याच्यावर ओरडले. "कारखान्यांत जमिनी गेल्या म्हणून नोकऱ्या मिळाल्या तुम्हा इथल्या गाववाल्यांना. काम कुठलं येणार?"

मी माझे ऑइलचे हात पँटला पुसून टाकले.

दोन बोटं गेली. त्या बोटांनी तो जाळं विणायचा. त्याला गेटवर बसवलं. त्याच्या घरात मला बसवेना, म्हणून मी पथारी गुंडाळली. तर त्याची आई म्हणाली, "जेवून जा रं. आमचा काय चुकला काय?"

आणि मी जेवलो! घास गिळलेच कसे?

पुढे मी मुकादम झालो. नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगायचो — पकड आल्याशिवाय धरलं म्हणायचं नाही, थांबा म्हणायला लाजायचं नाही. खरंच सांगायचो, आणि माझ्या हाताखाली कुणाचं बोट कधी गेलं नाही. पण दाखला कुणाचा द्यायचो? हसुरामचा. नाव घेऊन. "तो गेटवर बसतो ना, त्याचा हात सटकला आणि तो बोलला नाही." मग गेटमधून जाता-येता ती माणसं त्याच्या हाताकडे बघायची. मला ठाऊक होतं. तरी पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

पहिलं खोटं भीतीपोटी निघालं, असं मी स्वतःला फार दिवस समजावलं. आणि नंतरचं? मुकादमाला कोण गावाला धाडणार होतं? त्या माझ्या शहाण्या, समजुतीच्या आवाजाची मला किळस येते. माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

हसुरामने धरली होती. मी धरली नव्हती.