मालकाच्या खुर्चीतले सगीरभाई आणि भिवंडीचे माझे दोन दिवस

"भिवंडीला? फिरायला?"

हा प्रश्न मला चार वेळा विचारला गेला. दोनदा नवऱ्याने, एकदा सासूबाईंनी आणि चौथ्यांदा एसटीच्या कंडक्टरने. कंडक्टरचा काही संबंध नव्हता, पण माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून त्याला राहवलं नाही. "ताई, लोक तिथून बाहेर पडायला बघतात," म्हणाला आणि अर्धं तिकीट हातात ठेवलं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मैत्रिणींनो. या एका गोष्टीच्या जोरावर मी निम्मा महाराष्ट्र बघून घेणार आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मी नाशिकची. पोट भरते ती लग्नाचे फोटो काढून, आणि हंगाम संपला की कॅमेरा उचलून कुठेतरी पळते. कच्छ झालं, स्पिती झालं. यंदा खिशात खडखडाट होता, म्हणून जवळचं काहीतरी शोधत होते. मुंबईला जाताना ज्या गावावरून आपण ट्रॅफिकला शिव्या घालत पुढे निघून जातो, त्या गावात एकदा उतरून तर बघू! तिथे घराघरात यंत्रमाग, म्हणजे लूम. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली माणसं ते चालवतात आणि आपल्या परकराचं कापड विणतात. एका रांगेत धडधडणारे माग, हवेत उडणारा कापूस, त्यात तिरपा सूर्यप्रकाश. फोटो माझ्या डोक्यात आधीच काढून झाला होता.

आता शहाणपणा ऐका. रविवारी सुट्टी असणार, म्हणून मी अगदी ठरवून शुक्रवार निवडला.

सकाळी सहाची गाडी धरली. कसारा घाटात वडापाव खाल्ला (खाऊ नका, कालचा असतो), दहाच्या आसपास राजनोली नाक्यावर उतरले. नाक्यावरून गावात शेअर रिक्षा मिळते, माणशी तीस रुपये. चौथा प्रवासी ड्रायव्हरच्या मांडीवर बसल्यासारखा बसतो आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मागांच्या वस्तीत उतरले आणि कान टवकारले. काही नाही. एक कोंबडा आरवला तेवढंच. सगळ्यांनी सांगितलं होतं की इथे आवाजाने बोलणंसुद्धा ऐकू येत नाही, आणि मला शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, "लूम का बंद आहेत? लाइट गेलीय का?"

तो मग शेजारच्या गिऱ्हाईकाला म्हणाला, "मॅडम जुम्म्याच्या दिवशी लूम बघायला आल्यात." आणि दोघंही इतके मनापासून हसले की मला चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत. भिवंडीत मागांची सुट्टी शुक्रवारी असते. हिंदू, मुसलमान, तेलुगू, सगळ्यांची. हे मला सोडून बहुधा अख्ख्या देशाला माहीत होतं.

घ्या! दीडशे किलोमीटर आले ते बंद शटरचे फोटो काढायला. पण तासाभरात माझा राग उतरला, कारण सहा दिवस कापसाने माखलेली माणसं सातव्या दिवशी काय करतात ते बघण्यासारखं असतं. न्हाव्याच्या दुकानाबाहेर रांग. नळावर साबणाचा फेस. बनियनवर बसून गावी व्हिडिओ कॉल. आणि एवढ्या शांततेतही सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलत होते. मागांच्या आवाजात आयुष्य गेलं की घशाला दुसरी पट्टीच राहत नाही म्हणे.

मी असाच एक न्हावी टिपत होते, तेवढ्यात त्याच्यासमोर बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून उठलं.

"मॅडम, आप शादी का फोटो निकालते हो?"

"हो. म्हणजे हां."

"शादी के पहले का भी?"

हे सगीरभाई. पन्नाशीच्या आत-बाहेरचे, उत्तर प्रदेशातल्या मऊ जिल्ह्याकडच्या एका गावातले. समोरच्याच कारखान्यात चौदा वर्षं माग चालवत होते. त्यांच्या मुलीचं, नाझनीनचं, लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा बरा, घर बरं, मुलीलाही पसंत. पण सगीरभाईंच्या मेव्हण्याने बोलणी करताना उत्साहात सांगून टाकलं की भाईजानचा भिवंडीत स्वतःचा कारखाना आहे, आठ लूमचा. आणि आता मुलाचा बाप म्हणत होता, संध्याकाळपर्यंत कारखान्याचा फोटो पाठवा, चार नातेवाइकांना दाखवायचा आहे.

"नहीं भेजा तो बोलेंगे झूठ था. सच बोला तो भी बोलेंगे झूठ था," सगीरभाई म्हणाले. "बेटी का रिश्ता है, मॅडम."

त्यांचा बेत साधा होता. सर्वांत जुने कामगार म्हणून ऑफिसच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. मालक नमाजनंतर घरी जेवून झोपतो. दहा मिनिटं त्याच्या खुर्चीत बसायचं, फोटो काढायचा, किल्ली परत खिशात.

माझ्या मनात पाप आलं नाही असं म्हणणार नाही. पण खरं सांगू? मी लग्नाच्या अल्बममध्ये दुसरं काय करते! नवरदेवाचं पोट आत, नवरीच्या मावशीचा चामखीळ गायब. मी म्हटलं, चला.

नमाजहून सगीरभाई आले ते आकाशी शर्ट, तेल लावलेले केस आणि सुरमा घालून. खुर्चीत बसले आणि दगड झाले. त्यांना मागे भिंत हवी होती, घड्याळाची. मी नाक मुरडलं. "भिंत काय, कुठलीही असते. खिडकीसमोर बसा. मागे लूमची रांग दिसली पाहिजे, मग कारखाना वाटेल." ऑफिसच्या काचेतून पलीकडचे बंद माग ओळीने दिसत होते, त्यांच्यावर मऊ उजेड पडला होता. सगीरभाई कुरकुरले, पण मी कलाकार ना! खुर्ची माझ्या हाताने वळवली.

तिसऱ्या क्लिकला दार उघडलं. दारात पांढरा कुर्ता, मेंदी लावलेली दाढी आणि अत्तराचा वास. मालक. बशीरचाचा. बीपीच्या गोळ्या टेबलाच्या खणात विसरले होते.

सगीरभाई उठायला गेले आणि अर्धवट उठलेल्या अवस्थेतच अडकले. मग त्यांनीच सगळं सांगितलं, मेव्हण्यापासून, मान खाली घालून.

चाचांनी शांतपणे एक गोळी घेतली, पाणी प्यायले. मग म्हणाले, "बस."

"सेठ, गलती..."

"बस म्हटलं ना! आणि पोक काढून काय बसतोस? असा मालक असतो होय? एक हात टेबलावर ठेव. जरा कंटाळल्यासारखा दिस." मग माझ्याकडे वळून, त्याच अस्सल मराठीत, "बाई, तुम्ही तरी सांगायचं न्हाय का त्याला? पाहुण्यासारखा बसलाय." त्यांनी स्वतःचा चष्मा काढून सगीरभाईंच्या नाकावर चढवला, कपाटातली एक फाइल ओढली आणि खुर्चीमागे खांदे पाडून उभे राहिले. "मालकाच्या पाठी मुनीम नको? घ्या आता."

हसण्याने माझा कॅमेरा हलत होता. तो फोटो मी सात वेळा काढला. त्यातला एक लगेच मुलाच्या बापाला गेला.

मग चाचांनी मला जेवायला घरी नेलं. हे मूळचे कोकणी मुसलमान, पिढ्यानपिढ्या इथले, घरात मराठीच बोलतात. चाचींनी तांदळाची भाकरी, मटण आणि वर तांदळाची वाफवलेली गोड सांदणं वाढली. "खा गो, लाजतेस काय, फोटोवाल्यांना कोण जेवायला घालतं का लग्नात?" चाची बरोबर बोलल्या, आम्हाला शेवटच्या पंगतीत गार भात मिळतो. तीन सांदणं खाल्ली, चौथं पर्समध्ये घातलं गेलं. रात्रीचा मुक्काम कल्याण नाक्याजवळच्या लॉजवर, नऊशे रुपये. चादर स्वच्छ, पंखा मात्र फक्त फुल्ल किंवा बंद.

शनिवारी सकाळी माग सुरू व्हायला अवकाश आहे म्हणून खारबावला गेले. दिवा-वसई मार्गावरचं हे स्टेशन. गाड्या मोजक्याच, म्हणून मी रिक्षा केली, दोनशे रुपयांत, खड्डे फुकट. गावात शिरताच अंगणात सुकट निवडणारी एक आगरी आजी दिसली. कॅमेरा उचलला तशी गरजली, "थांब गो! आशी कशी फोटू कारतेस? गला बोडका हाय माजा!" आत गेली ती पंधरा मिनिटांनी गळाभर सोनं घालून आली, सुकटीसमोर पुन्हा फतकल मारून बसली आणि म्हणाली, "हां, आता कार." असा श्रीमंत सुकट-फोटो दुनियेत दुसरा नसेल.

तिथेच फोन वाजला. बशीरचाचा. आवाजात कालची गंमत नव्हती. "बाई, लवकर या. तुमच्या फोटोनं घोळ केलाय."

मिळेल ती रिक्षा पकडली. कारखान्यात पोचले तर माग धडधडत होते, आणि ऑफिसात सगीरभाई टेबलाजवळ उभे. खुर्चीकडे बघतही नव्हते. झालं होतं असं की मुलाचा बाप, हनीफमियाँ, तरुणपणी स्वतः भिवंडीत सोळा वर्षं माग चालवून गेलेला निघाला. मेव्हण्याला हे माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. फोटो बघून त्याने एकच विचारलं होतं: मागे लूमवर लुंग्या का वाळत आहेत?

मी कॅमेऱ्यात बघितलं. मागांच्या रांगेवर, माझ्या त्या मऊ उजेडात, चार लुंग्या आणि एक चट्ट्यापट्ट्याची चड्डी. शुक्रवारी धुणं झालं की कामगार ते बंद मागांवरच वाळत घालतात. आणि शुक्रवारी दुपारी कुठलाही मालक ऑफिसात बसत नाही, हे सोळा वर्षं इथे काढलेल्या माणसाला कोण शिकवणार? सगीरभाई भिंतीसमोर बसले असते तर काही कळलं नसतं. खुर्ची मी वळवली होती. मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. हौस माझी, आणि मोडायचं ते एका पोरीचं लग्न.

"दोबारा फोन करेगा अभी," सगीरभाई म्हणाले. "ना ही बोलेगा."

फोन आला. चाचांनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडचा आवाज तसाच, घसा फोडून बोलणारा: "जुम्मे के दिन कुर्सी पर कौन सेठ बैठता है? आदमी झूठा है कि घर झूठा है, इतना बता दो!"

चाचांनी फोन जवळ ओढला. "सेठ मैं हूँ. वो पीछे फाइल पकड़ के जो खड़ा है ना, वो मैं. झूठ में आधा हिस्सा मेरा है. और पूछो क्या पूछना है."

पलीकडून मग, जरा खालच्या पट्टीत, "कितने साल से है आपके पास?"

"चौदह."

"एक ही कारखाने में?"

"एक ही."

मागांच्या धंद्यात माणसं चार पैसे जास्त मिळाले की मालक बदलतात. चौदा वर्षं एका जागी म्हणजे काय, ते हनीफमियाँना समजावून सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "उसको लूम पर खड़ा करके फोटो भेजो. कपड़ा दिखना चाहिए."

मी धावले. सगीरभाई चार मागांमध्ये उभे राहिले, जुन्या बनियनवर, भुवयांवर कापूस. या वेळी मी काहीही वळवलं नाही, सजवलं नाही. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धागा तुटला होता, तो जोडत होते. एकच क्लिक, लगेच पाठवला. दहा मिनिटं आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. उत्तर हिंदीत आलं, चाचांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं: कपडा साफ आहे, बाकीचं घरी बसून बोलू.

चाचांनी समोसे मागवले.

संध्याकाळच्या एसटीने मी नाशिकला परत आले. दोन दिवसांचा खर्च दोन हजारांच्या आत, त्यात लॉज आणि रिक्षा आल्या. जायचं असेल तर खुशाल जा. माणसांना विचारून फोटो काढा, आणि जेवणाला नाही म्हणू नका. नवऱ्याने विचारलं, "काय बघितलंस तिथे?" मी म्हटलं, "लुंग्या."

आठ दिवसांनी सगीरभाईंचा फोन आला. साखरपुडा ठरला होता. पण ते त्यासाठी थांबले नव्हते, मी परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी गावी निघाले होते, महिनाभराच्या सुट्टीवर. चाचांनीच तिकीट काढून दिलं होतं.

"इतक्या लवकर?"

"नाझनीन ने बुलाया." दोन्ही फोटो तिच्याकडे पोचले होते. खुर्चीबद्दल ती काही बोलली नाही, लुंग्यांबद्दल नाही, सासऱ्यांबद्दलही नाही. तिने खुर्चीतला फोटो मोठा करून बघितला आणि बापाला फोन लावला. अब्बा, वो आसमानी शर्ट तो मैंने नाप से सिलवाया था. गर्दन के पास इतना ढीला कैसे हो गया? पहले घर आइए, खाना खाइए, तारीख बाद में निकलेगी. सगीरभाई दोन वर्षं घरी गेले नव्हते.

फोन ठेवून मी तो फोटो उघडला. हनीफमियाँनी लुंग्या पाहिल्या, नातेवाइकांनी खुर्ची पाहिली असेल, मी उजेड पाहिला. कॉलर आणि मानेच्या मध्ये दोन बोटं सहज जातील एवढी जागा आहे. मी अर्धा तास त्या जागेकडेच बघत होते.