आभाळातल्या बिननावी वस्तू

मलकापूरच्या सरकी काढायच्या जिनात दिवसभर काम करून आलेला माणूस घरी येतो, आंघोळ करतो, जेवतो, पान लावून ओट्यावर बसतो, तरी त्याच्या कानातून कापसाचा एक पुंजका निघतोच. मुद्दाम कोणी भरून आणलेला नसतो. किश्शांचंही तसंच असतं. आपण कारकुनी करायला जातो, किस्से आपोआप अंगाला चिकटतात. माझ्या अंगावर सगळ्यात जास्त कापूस चिकटला तो ‘आभाळ टेबला’वर!

लढाईचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. लढाई आमच्यापासून हजार कोस लांब, पण तिचे हुकूम पार बुलढाण्यापर्यंत चालत यायचे. त्यातला एक असा: आभाळात अनोळखी काही उडताना दिसलं, तर गावच्या पाटलानं वर्दी द्यावी, आणि कचेरीच्या माणसानं जागेवर जाऊन पाहणाऱ्याची जबानी घ्यावी.

या कामासाठी एक टेबल, दोन खुर्च्या आणि वझेसाहेब असा सरंजाम आला. साहेब पुण्यात शिकलेले, पस्तिशीचे, नाकासमोर पाहून चालणारे. त्यांचा कारकून मी, आणि शिपाई किसन. किसन दौऱ्यावर बाराही महिने छत्री उघडी धरून चालायचा. “वरून काई पडलं तं?” हे त्याचं म्हणणं. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री मात्र डोक्यावर!

साहेबांची नेमणूक तात्पुरती होती. बायको माहेरी पुण्याला. ‘नोकरी कायम झाल्याखेरीज मुलीला त्या मुलखात पाठवणार नाही,’ असं सासऱ्यांनी कार्डावर लिहून कळवलेलं. ते कार्ड साहेबांच्या कोटाच्या खिशात असायचं. आणि कायम होण्याची अट वरच्या साहेबांनी घातली होती ती अशी: प्रत्येक जबानीच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात त्या वस्तूचं नाव पाहिजे. ‘अज्ञात’ लिहिलेला एक जरी कागद आला, तरी चौकशी अपुरी आणि वझे घरी!

म्हणजे आभाळात उडेल त्या प्रत्येक गोष्टीचं बारसं करणं, हे आमचं सरकारी काम.

* * *

पहिली वर्दी मलकापूरचीच. एका कापसाच्या व्यापाऱ्यानं स्वतः येऊन दिली. भर दुपारी, जिनाच्या वर, पांढरं, लांबलचक, काठाला लाल जाळ असलेलं काहीतरी वळवळत पूर्वेकडे गेलं. शेटजी घाबरून गादीवरून उठलेच नव्हते म्हणे.

साहेबांनी शेजारच्यांना बोलावलं. चार-पाच जणांनी तेच सांगितलं. पांढरं, लांब, लाल काठ. साहेबांची लेखणी झरझर चालली.

एवढ्यात समोरचा पानवाला म्हणाला, “शेटजी, वावटळ आली तवा तुमचं धोतर गच्चीवर वायत व्हतं नं?”

शेटजी पगडी सारखी करू लागले.

“लाल काठाचं?”

शेटजींनी आधी गच्चीकडे पाहिलं, मग जिनाच्या धुराड्याकडे. धुराड्याला धोतर लटकलेलं होतं!

साहेबांनी रकान्यात लिहिलं, ‘धोतर, नग एक.’ आम्ही उठलो, तर शेटजी मागे मागे. “साहेब, चौकशी झाली, ठीक आहे. पन ते काढून देनंबी सरकारकडेच आहे का?”

* * *

दुसरी वर्दी देऊळघाटची. पाहणारी एक म्हातारी, गोदाबाई. साहेबांनी नजर तपासायची एक युक्ती शोधून काढली होती. साक्षीदाराला उभं करायचं, वीस पावलांवर जाऊन खिशातलं घड्याळ समोर धरायचं आणि विचारायचं, किती वाजले? सांगता आलं तर नजर चांगली.

युक्ती पुण्याची. देऊळघाटात घड्याळ वाचता येणारा माणूस एकच, शाळेचे मास्तर. आणि ते त्या दिवशी रजेवर!

साहेबांनी घड्याळ धरलं. “आजी, काय दिसतं?”

“घडी दिसते.”

“किती वाजले?”

“ते मले कसं माईत, बापा? घडी तुमची.”

साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “बापूराव, लिहा. नजर अधू.”

तेवढ्यात म्हातारी तिथूनच ओरडली, “साहेब, थांबा! हालू नका. घडीवर माशी बसली. हिरवी आहे. पाय चोळून राह्यली!”

मी लिहिता लिहिता थांबलो. साहेबांनी घड्याळ डोळ्यांशी नेलं. माशी होती. हिरवीही होती.

तरी रकान्यात नाव तर पाहिजे! म्हातारी सांगत होती, कावळ्याहून मोठं, ढगाहून लहान, पंख हलवत नाही. साहेबांनी विचार करून ‘गिधाड’ लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

गोदाबाईनं कमरेवर हात ठेवले. “गिधाड म्या आजलोक हजारदा पाह्यलं. गिधाड असतं तं तुमाले बुलढान्याहून कायले बोलावलं असतं?”

साहेब दमणीत बसले. बैल निघाले. रकान्यात ‘गिधाड’ तसंच राहिलं.

* * *

बीबीला गेलो ती गोष्ट तर मी अजून लग्नकार्यात सांगतो.

बीबी दक्षिणेकडचं, जालन्याच्या अंगाला. तिथली बोली आमच्यासारखी ‘मले-तुले’ नाही, ‘मला-तुला’ म्हणतात. त्यामुळे साहेबांना पुण्याजवळ आल्यासारखं वाटून चेहरा खुलला. पाटलानं पाच साक्षीदार ओळीनं बसवून ठेवले होते. पहिला उठला. “दक्षिणेकडून आलं, परातीएवढं व्हतं, तांब्याचा रंग.” दुसरा उठला. दक्षिण, परात, तांबं. तिसरा, चौथा, शब्द तेच! साहेब हरखले. इतका पक्का पुरावा आजवर कुठे मिळाला नव्हता.

पाचवा उठला. दक्षिण, परात, तांबं, आणि खाली बसता बसता म्हणाला, “असं पाटील म्हनले.”

साहेबांनी चष्मा पुसला. “तुम्ही त्या वेळी कुठं होतात?”

“मी व्हय? मी घरी झोपलो व्हतो.”

“मग इथं कसे बसलात?”

“पंच पाच लागतेत नं, साहेब! चारच भरले व्हते.”

मग बाकीच्या चौघांना वेगवेगळं विचारलं. एक शेतात, एक सासुरवाडीला, दोघं झोपलेले. पंचनामा म्हटला की पाच माणसं पाहिजेत, हे गावाला पाठ होतं. त्या पाचांनी काही पाहिलेलं असावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!

“मग पाहिलं तरी कोणी?” साहेब ओरडलेच.

पाटील घुटमळले. दाराआडून बांगड्या वाजल्या आणि पाटलीणबाईंचा आवाज आला. “मी पाहिलं! पतंग व्हता, तांबड्या कागदाचा. मी तव्हाच सांगत व्हते. पन बाईमानसाला कोन इचारतं?”

रकान्यात ‘पतंग’. परतीच्या वाटेवर किसन छत्रीखालून म्हणाला, “साहेब, आता पयले बायांले इचारत जाऊ. टाईम वाचंन.”

* * *

एक दिवस वरून खरमरीत पत्र आलं. अमुक दिवशी आपल्याच सरकारचं एक विमान तुमच्या हद्दीवरून, अगदी कमी उंचीवरून गेलं. तुमच्याकडून एकही वर्दी कशी नाही? गावं झोपलेली असतात काय?

साहेबांचा चेहरा उतरला. खिशातल्या कार्डावर हात गेला. लगोलग तीन गावं फिरलो. सगळ्यांनी विमान पाहिलेलं! पोरांनी, म्हाताऱ्यांनी, शेतात निंदणाऱ्या बायांनी. एका शेतकऱ्याचा बैल बुजून विहिरीच्या कडेपर्यंत गेला होता.

“अरे मग सांगितलं का नाही?”

तो शेतकरी साहेबांकडे कीव केल्यासारखा पाहत राहिला. “इमान व्हतं, साहेब. तुमीच म्हनलं, अनोळखी दिसलं तं सांगा. इमानाले आमी वळखतो!”

साहेबांनी तेच वाक्य शुद्ध करून वर पाठवलं. त्यावर वरून पुन्हा पत्र आलं नाही.

* * *

पुढे पुढे वर्द्यांचा पाऊसच सुरू झाला. वाऱ्यानं उडालेलं सूप, पारव्यांचा थवा, कुणाच्या तरी शेतातल्या बुजगावण्याचा सदरा. साहेब रात्री ‘हे काय होतं, हे काय होतं’ असं झोपेत बडबडतात, असं त्यांचा स्वयंपाकी सांगायचा. प्रत्येक वस्तूचं नाव शोधता शोधता माणूस वाळला.

एका सकाळी साहेब फार आनंदात कचेरीत आले. म्हणाले, “बापूराव, तोड सापडली. गावोगाव दवंडी द्यायची.”

मजकूर मीच लिहिला, म्हणून पाठ आहे. ‘आभाळात काही दिसल्यास पाहणाऱ्यानं आधी नीट विचार करून त्याचं नाव ठरवावं. नाव सांगता येत असेल तरच वर्दी द्यावी. बिननावी वस्तूची वर्दी घेतली जाणार नाही हो!’

कोतवालांनी गावोगाव डफ वाजवून सांगितलं. आणि काय आश्चर्य! वर्द्या एकदम बंद. एक महिना गेला, दोन गेले. टेबलावर धूळ बसली. वरचे साहेब खूश झाले. वझ्यांना कायम करण्याचा कागद तयार झाल्याचं कळलं. राहिलं इतकंच, की प्रत्येक गावच्या पाटलानं ‘आमच्या हद्दीत अज्ञात असं काही दिसलेलं नाही’ अशा दाखल्यावर सही करायची.

साहेबांनी पुण्याला पत्र टाकलं. बुलढाण्यात दोन खोल्या पाहून ठेवल्या. मला विचारून पाळणासुद्धा बांधायला टाकला!

* * *

सगळ्या सह्या झाल्या. उरलं एक गाव. देऊळघाट.

आम्ही पोचलो तो बाजाराचा दिवस. पाटील बाजाराला गेलेले, दिवस कलायला लागलेला. आम्ही पारावर बसलो. पलीकडच्या ओट्यावर गोदाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं साहेबांना ओळखलं आणि पुन्हा पाखडायला लागली. मी मान खाली घालून दाखल्यावर तारीख घालत होतो. किसन शेजारी, छत्री उघडून.

अचानक साहेब उभे राहिले. त्यांची टोपी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

मी म्हटलं, “काय झालं, साहेब?” आणि वर पाहिलं, तर निळं आभाळ, दुसरं काही नाही. किसनला तर छत्रीशिवाय काहीच दिसलेलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग खूप हळू म्हणाले, “ते काय होतं?”

ओट्यावरून, सूप न थांबवता, गोदाबाईनं विचारलं, “गेलं का?”

साहेब गर्रकन वळले. “तुम्ही पाहिलंत?”

“आज नाई. आज ज्वारीत खडे लय. पन ते दर बाजाराच्या दिवशी येते.”

“दर बाजाराच्या! किती दिवस झाले?”

“झाले असतीन दोनेक मयने.”

“मग वर्दी का नाही दिली, आजी?”

आता मात्र तिनं सूप खाली ठेवलं. “दवंडी कोनाची व्हती, साहेब? नाव माईत असंन तंच सांगा म्हने. साऱ्या गावानं नाव शोधलं. मास्तरले इचारलं, देवळातल्या बुवाले इचारलं. नाई सापडलं. मंग गप बसलो.”

एवढ्यात पाटील बाजारातून आले. साहेबांचा चेहरा, पडलेली टोपी, माझ्या हातातला दाखला, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. शहाणा माणूस! “तुमी बी पाह्यलं वाटते? काळजी नका करू, साहेब. आना तो कागद, करतो सही. आमी कोनीच काई पाह्यलं नाई. तुमी बी नाई.”

मी दाखला पुढे केला. खरं सांगतो, मला त्या दोन खोल्या आणि तो पाळणा दिसत होता. पाटलांनी दौतीत टाक बुडवला.

साहेब म्हणाले, “थांबा, पाटील. बापूराव, तक्ता काढा. जबानी घ्यायची आहे.”

“कोणाची?”

“माझी.”

मी तक्ता काढला. विचारलं, “आकार? परातीएवढा?”

“नाही.”

“रंग?”

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. “पुढं चला.”

“आवाज?”

“पुढं चला, बापूराव.”

करता करता शेवटचा रकाना आला. गोदाबाईला साहेबांची दया आली असावी. ती ओट्यावरून उतरून जवळ आली आणि म्हणाली, “गिधाड लिहा नं, बापा. मांगं लिहिलं व्हतं तसं. कायले जीवाले तरास करून घेता?”

“गिधाड मी आजवर हजारदा पाहिलंय, आजी!”

एवढं बोलून साहेबांनी माझ्या हातातून टाक घेतला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात रकान्यात लिहिलं, ‘अज्ञात’. खाली सही केली. पाटलांनी कपाळाला हात लावला.

मी हळूच म्हटलं, “साहेब, बिऱ्हाडाचं काय?”

साहेबांनी टोपी उचलली, झटकली, घातली. “लिहीन तिला. म्हणावं, येणार असशील तर बाजाराच्या दिवशी ये.” मग गोदाबाईकडे वळून म्हणाले, “आजी, पुढचा बाजार आठ दिवसांनीच ना?”

“हाव.”

साहेब पुन्हा पारावर बसले आणि मान वर करून पाहू लागले. मीही पाहू लागलो. आणि किसननं, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच, छत्री मिटली.