घट्ट बसलेला बोल्ट
तापलेल्या ऑइलचा वास आला की मला ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागचं ते गॅरेज आठवतं. नवरा गेला, आणि त्याची मोटारसायकल पावसाळाभर अंगणात भिजत राहिली. उपकेंद्रातल्या नर्सच्या नोकरीसाठी मला जंगलातल्या गावांत फिरावं लागे, म्हणून मी ती चालवायला शिकले. क्लच प्लेट बदलायला नेली, तर इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट असा धरून बसला होता की पाना घसरत होता. मिस्त्री म्हणाला, "जोर लावला त तुटते, बाई. मंग इंजिनचा हा भागच बदलावा लागन." मी घाईनं म्हटलं, "दुसरं काहीच बदलू नका, भाऊ." त्यानं डिझेल सोडलं, बर्नरनं भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम तापवलं आणि पाना हळूहळू पुढेमागे करत राहिला. मी बाकड्यावर बसून बघत होते. अखेर कर्रकन आवाज झाला आणि बोल्ट फिरला. "एवढा कोनं कसला होता?" त्यानं घाम पुसत विचारलं. "आमच्या ह्यांनी." "त्याइले सांगजा, इतका नोको कसू म्हना." "सांगीन," माझ्या तोंडून निघून गेलं. आजही गाडी त्याच्याकडेच नेते. तो ह्यांची खुशाली विचारतो, आणि मी म्हणते, बरे आहेत.