डावा पाय गार आहे

बुटांच्या त्या दुकानात सव्वीस वर्षं एक गृहस्थ बुटक्या स्टुलावर बसून लोकांचे पाय पाहत आले आहेत. लोक त्यांना मापकाका म्हणतात. हाताशी लोखंडी मापपट्टी असते. पण काका आधी मोजे काढायला लावतात, दोन्ही पाय हातात घेतात, अंगठे दाबून पाहतात आणि मगच पट्टीला हात घालतात. यात गिऱ्हाइकामागे तीन मिनिटं वाया जातात, असा शेठचा हिशेब. काकूंची तक्रार वेगळी. "चारचौघींत काय सांगू? आमचे हे पाय चेपतात?"

एका दुपारी शाळेतल्या एक बाई लंगडत आल्या. आठवडाभर तापाने झोपून होत्या, कालच उठलेल्या.

"तासाभरापासून डावा पाय ठणकतोय. बूट चावतोय बहुतेक. एक नंबर मोठा द्या."

मोठा नंबर समोरच्याच फळीवर होता. काकांनी पाय हातात घेतले. उजवा पायासारखा पाय होता. डावा गार, आणि खडूसारखा पांढुरका. त्यांनी अंगठा दाबला. दाबलेली जागा पांढरी पडते आणि श्वासभरात पुन्हा गुलाबी होते, हे त्यांनी हजारो अंगठ्यांवर पाहिलेलं. ही होईना.

"बाई, माझं बोट लागतंय का?"

"लावलंत कधी?"

काकांनी मापपट्टी बाजूला ठेवली. "बूट देत नाही. हॉस्पिटलात जा. आत्ता."

"अहो, फरशी गार असेल."

"फरशीवर दोन्ही पाय होते. गार एकच आहे."

गल्ल्यावरून शेठ म्हणाले, "काका, गिऱ्हाईक पिटाळायला ठेवलंय का तुम्हाला?"

"उद्या काढून टाका. आधी गाडी काढा."

शेठनी सव्वीस वर्षांत प्रथमच काकांचं ऐकलं.

कुणी पाठवलं, या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाला बाईंनी "बूटवाल्यानं" असं उत्तर दिलं, तेव्हा ताप डोक्यात गेल्याची शंका घेण्यात आली. मग डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि शंका गुंडाळून ठेवली. असल्या तापानंतर क्वचित कुणाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, ती बाईंच्या मांडीत अडकली होती. ऑपरेशन करून ती काढली. अजून काही तास गेले असते तर पाय गमवावा लागला असता, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर शेठना फोनवर सांगितलं. शेठनी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. त्यात गाडी कुणाची होती, हेही येत असे. काकू तर हल्ली कुणी न विचारताच चारचौघींत सांगतात.

दोन महिन्यांनी बाई स्वतः चालत आल्या आणि न सांगता मोजे काढून बसल्या. शेठ गल्ला सोडून येऊन वाकले.

"उजेड सोडा," काका म्हणाले.

शेठ सरकले. काकांनी डावा अंगठा दाबला आणि सोडला. एक श्वास.

"पाच नंबर," काका म्हणाले. "मोठा लागणार नाही."