पाव कॉइलची शेगडी

माझ्या मावसाजींइतका दुसऱ्याच्या घरातल्या प्लगवर संशय घेणारा माणूस अख्ख्या सेनगाव तालुक्यात झाला नाही आणि, शपथेवर सांगते, पुन्हा होणारही नाही. मावसाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान. गोरेगावात राहायचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की रामराम व्हायच्या आधी यांचा डोळा भिंतीकडे. पिशवीतून काट्याचा मीटर निघायचा, त्याच्या लाल-काळ्या वायरी प्लगात जायच्या, आणि घरची बाई पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी. "एकशे सत्तर!" असं ते अशा काही तोंडानं म्हणायचे की जणू त्या घरात कुणाला ताप चढलाय. लग्नाचा मांडव सोडला नाही, बारसं सोडलं नाही. एकदा तर जवळा बाजारला मयतीच्या घरी मीटर काढला. मावशीनं पदरात तोंड लपवलं. लोकांना वाटलं, बाई रडतेय.

मला बघायला हिंगोलीहून मंडळी आली, तेव्हा वडिलांनी मावसाजींना बजावलं होतं की बाबा रे, आज मीटर नको. मीटर नाही काढला. पोहे संपताच मुलाकडे वळून म्हणाले, "दोनशे वीस व्होल्ट हाय, पाच अँपिअर करंट हाय. रेझिस्टन्स किती?" मुलानं घाम पुसला, आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अकराशे." "आवं, ते पॉवर झालं, अकराशे वॅट! तुमी गुणाकार केला. रेझिस्टन्सला भागायचं राहते. चव्वेचाळीस ओहम!" आत माझा जीव टांगणीला. मंडळी गेल्यावर मात्र वडिलांना म्हणाले, "द्या पोरगी. चुकला, पण गुणाकार बराबर केला." आमच्या ह्यांना आज झोपेतून उठवून विचारलं तरी चव्वेचाळीस म्हणतील.

आम्ही हसायचो, पण त्या मीटरचं कारण त्यांच्या घरातच होतं. मावशीला दमा. थंडी सुरू झाली की सकाळ-संध्याकाळ वाफ घेतल्याशिवाय तिला श्वास पुरायचा नाही. चुलीच्या धुरानं जीव घाबरा व्हायचा, रॉकेलच्या स्टोव्हचा वासही चालायचा नाही, आणि गॅस तेव्हा गावात कुठला यायला? राहिली ती कॉइलची शेगडी. आणि नेमकं दिवेलागणीला शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी सुरू व्हायच्या, की गावाचं व्होल्टेज दोनशे वीसवरून एकशे दहावर. कॉइल नुसती लाजल्यासारखी लाल व्हायची आणि पाणी काही उकळायचं नाही. मावसाजी तिला समजावून सांगत, "व्होल्टेज अर्धं झालं का करंट बी अर्धा होते. दोघांचा गुणाकार म्हंजे पॉवर. ते पावच राहते." मावशी भिंतीला टेकून, छातीवर हात धरून म्हणाली, "मंग मी बी पावच दम घेऊ काय?"

हे ऐकल्यावर मावसाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक नवी शेगडी आणली, तिची कॉइल काढली आणि कापून पाव तेवढीच बसवली. चव्वेचाळीस ओहमची झाली अकरा. एकशे दहा भागिले अकरा, दहा अँपिअर. एकशे दहा गुणिले दहा, अकराशे वॅट. पातेलं खदखदायला लागलं तेव्हा हा माणूस टाळ्या वाजवत अंगणात गेला. पण त्यात एक मेख होती. मधेच मोटारी बंद पडून व्होल्टेज चढलं, तर तीच शेगडी चौपट पॉवर घेऊन वायरिंगसकट पेटली असती. म्हणून मावशी चादरीखाली वाफ घेत असताना हे शेजारी बसायचे. एक हात बटणावर, डोळे मीटरच्या काट्यावर. माश्या बसल्या तरी हलायचे नाहीत. संध्याकाळची लग्नं, कीर्तनं, सगळं सुटलं. वर्षानुवर्षं सुटलं.

मावशी गेली ती भर दुपारी. जुन्या, पुऱ्या कॉइलच्या शेगडीवर वाफ चालू होती, सगळं यथासांग होतं, आणि तरी गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मावसाजी एवढंच सांगत, "दोनशे दहा होतं हो. म्या पायलं. बराबर दोनशे दहा." मला तर त्यांच्याकडे बघवेना.

त्याच वर्षी गावात नवी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसली. संध्याकाळीसुद्धा बल्ब लखलखायला लागले, लोकांनी पेढे वाटले. वर्षश्राद्धाला मी गेले तर ती कापलेली शेगडी फळीवर धुळीत पडलेली. मी म्हटलं, "मावसाजी, हिला पुरी कॉइल बसवून घ्या, उपयोगी पडेल." तर एकदम चिडले. "काहून? ते तिची हाय. राहू दे."

त्याच दिवशी दिवेलागणीला नव्या डीपीत काहीतरी बिघडलं. बल्ब एकदम पिवळे पडले आणि बाहेर लोक वीजवाल्यांच्या नावानं ओरडायला लागले. मावसाजींनी मीटर लावला. "एकशे दहा," ते म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. त्यांनी फळीवरची शेगडी उतरवली, फुंकून पुसली, पातेल्यात पाणी ठेवलं, पेटीतून मावशीची चादर काढली. पाणी खदखदलं. बटणावर हात ठेवून, काट्यावरची नजर न हलवता, दुसऱ्या हातानं त्यांनी चादरीचं टोक उचललं आणि मावशीच्या रिकाम्या बाजेकडे धरलं.

"ये," ते म्हणाले. "व्होल्टेज हाय तवर घेऊन घे."

मला ना दमा, ना सर्दी. पण ते टोक तसंच हवेत धरलेलं मला बघवेना. मी उठले, चादर डोक्यावरून घेतली आणि पातेल्यावर वाकले. वाफेत रडलेलं कुणाला कळत नाही. बाहेरून त्यांचा आवाज आला, "तोंड उघडून घे. सावकाश. मी पाहून राहिलो."