मोसंबीच्या रसाचे मार्क

मोसंबी सोलताना सालीचा वास बोटांना लागला, की मला आमच्या कॉलेजची रसायनशास्त्राची लॅब आठवते. प्रॅक्टिकलची परीक्षा होती. कितीदा तरी सराव करून मी ब्युरेट भरून उभी होते. थेंब-थेंब सोडत फ्लास्कात फिकट गुलाबी रंग आणायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात आमचे सर आले. आष्टीजवळ आमची मोसंबीची बाग, म्हणून गोणीभर मोसंबी त्यांनीच माझ्याकडून मागवली होती. "ते राहू दे, जल्दी चाल. बाहेरच्या परीक्षकांसाठी रस काढायचाय." मी म्हटलं, "सर, माझा प्रयोग राह्यलाय न." "मार्काचं मी बघतो बराबर." मग मी स्टाफरूमच्या मोरीशी बसून मोसंबी पिळत राहिले आणि परीक्षक पंख्याखाली ग्लास रिकामे करत राहिले. निकाल लागला तर वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला. शेजारच्या टेबलावर चोख प्रयोग केलेली माझी मैत्रीण माझ्या खाली; ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. घरच्यांनी पेढे वाटले. नोकरीच्या मुलाखतीत अजूनही मी तेच मार्क दाखवते आणि समोरचे खूश होतात. माझ्या फ्लास्कात तो गुलाबी रंग आला असता का, हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मला ते कुठे माहीत आहे!